फाट्यावरची चाळीस मिनिटे

पुरवठा साखळी हा माझा विषय. वस्तू जिथून निघते तिथून जिथे लागते तिथवर ती किती हातांतून, किती वेळात आणि कोणत्या अवस्थेत पोहोचते, हे मी आयुष्यभर तपासले. सुरुवात कापसापासून झाली, शेवट लसीवर. मधल्या कामांबद्दल सांगण्यासारखे फार नाही.

निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. धडगावहून डोंगरातल्या पाड्यांवर जाणाऱ्या लसीचा वेळ कमी करणे, हे माझे काम होते. तीन आठवडे मी स्टॉपवॉच घेऊन प्रवासी जीपमधून फिरलो. प्रत्येक फेरीत वेळ एकाच ठिकाणी जात होता. घाट संपल्यावर एक फाटा लागतो. तिथे एका राजस्थानी कुटुंबाचे किराणा दुकान आहे. जीपवाला गाडी भरेपर्यंत थांबे. नर्स लसीची पेटी घेऊन दुकानात जाऊन बसे. सरासरी चाळीस मिनिटे. माझ्या तक्त्यात मी त्यापुढे ‘निष्कारण थांबा’ असे लिहिले.

उपाय सोपा होता. जीप पूर्ण भाड्याने घ्यायची, फाट्यावर थांबायचे नाही आणि वाचलेल्या वेळात त्याच दिवशी दुसरा पाडा करायचा. चाचणीसाठी एप्रिलमधला एक दिवस ठरला. दुसऱ्या दिवशी नंदुरबारला बैठक होती. चाचणी यशस्वी झाली असती, तर तालुकाभर हीच पद्धत लागू होणार होती.

फाटा आला तेव्हा चालकाने वेग कमी केला.

“सायेब, आठे थांबानं नही का? सिस्टरनं काम ऱ्हास.”

“आज नाही. चला.”

“तुम्ही सांगशात तसं. मन्हा चहा बुडना आज.”

मी मागे पाहिले. नर्स त्याच डोंगरातली, वीस वर्षे नोकरीत. ती काही बोलणार होती. माझ्या मांडीवरच्या वहीकडे तिची नजर गेली आणि ती गप्प राहिली. काय काम असते, हे मी विचारले नाही.

पहिला पाडा वेळेआधी आटोपला. मी वहीत तसे नोंदवले. दुसऱ्या पाड्यावर पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. अंगणवाडीच्या ओसरीवर बाया मुलांना घेऊन बसल्या होत्या. एक बाई जुळ्यांना घेऊन डोंगर ओलांडून आली होती. दोन तासांची चाल.

नर्सने पेटी उघडली. बर्फाची एक चपटी बाटली काढून कानाशी हलवली. आतून पाण्याचा चुळुक आवाज आला. दुसरी हलवली. तोच आवाज. चारही बाटल्यांत पाणी होते.

मग तिने पोलिओची कुपी काढली. कुपीच्या लेबलवर एक वर्तुळ असते आणि त्यात चौकोन. चौकोन फिकट असेपर्यंत लस चालते. उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो आणि वर्तुळाच्या रंगाला पोहोचला की कुपी फेकायची.

“अजून फिकट आहे,” मी म्हणालो.

“सर, सावलीत बघू नका. इकडे या.” तिने कुपी अंगणातल्या उजेडात धरली. “या कुप्या सकाळीच जवळजवळ गडद होत्या. आधी संपवायच्या म्हणून दिल्या होत्या.”

दोन रंगांत फरक होता, असे मला त्या क्षणी वाटले. आज मी खात्रीने सांगतो, नव्हता. मला तो हवा होता.

“थोडा फरक आहे, सिस्टर.”

“तुम्हाला बैठकीला जायचंय म्हणून आहे. माझ्या डोळ्याला नाही.”

भिंतीला टेकलेली एक म्हातारी पावरी बोलीत काही बोलली आणि बाया हसल्या. नर्सही हसली.

“काय म्हणतात त्या?”

“म्हणतेय, हा बाबा एवढा वाकून बघतोय, तर थेंब आधी त्यालाच पाजा.”

मी सरळ उभा राहिलो.

“बर्फ इतक्या लवकर कसा गेला?”

तिने झाकण माझ्यापुढे धरले. कडा एका जागी फुटली होती. तिथे तिने कापडाची पट्टी कोंबली होती. माझ्या फॉर्ममध्ये पेट्यांची संख्या विचारली होती. झाकणाबद्दल प्रश्न नव्हता.

“फाट्यावरचे शेठ कुल्फीच्या फ्रीझरमध्ये आमच्या बर्फासाठी एक कोपरा ठेवतात. तिथे बाटल्या बदलून घेते. खाजगी फ्रीझर, नियमात बसत नाही. तुम्ही सगळं लिहिता, सर. मी कशी सांगणार?”

तिने कुप्या बाजूला ठेवल्या आणि बायांना पुढच्या आठवड्यात यायला सांगितले. जुळ्यांची आई उठली. एक मूल पाठीशी बांधले, दुसरे कडेवर घेतले आणि ती डोंगराकडे निघाली.

बैठकीत मी सांगितले की बर्फ वाटेतच वितळला, योजना लागू करू नये.

“मग इतकी वर्षे बर्फ कसा टिकला?” अध्यक्षांनी विचारले.

“वाटेत बदलला जात होता. मी तो थांबा काढून टाकला.”

“कोण बदलत होते? कुठे?”

“माझ्या नोंदींत ते नाही.”

हे खरे होते. नोंद करायला हवी होती तेव्हा मी केली नव्हती आणि आता करणार नव्हतो. फाट्यावर सरकारी फ्रीझर आणि नव्या पेट्या, एवढीच शिफारस मी दिली. ती अपुरी असल्याचा शेरा मिळाला. शेरा योग्य होता.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. या वेळी प्रवासी जीपने. फाट्यावर शेठजींनी कुल्फीच्या साच्यांखालून चार बाटल्या काढून दिल्या आणि मला चहा दिला. घड्याळ खिशात होते.

पाड्यावर बाया आल्या. सगळ्या नाही. जुळ्यांची आई आली नव्हती. तीन वाजेपर्यंत वाट पाहून नर्सने पेटी खांद्याला लावली.

“तुम्ही बसा, सर. चढ आहे.”

मी बसलो नाही.

घर डोंगराच्या पलीकडच्या उतारावर होते. बाई अंगणात महूची फुले वाळायला पसरत होती. आम्हाला पाहून ती उठली नाही. माझ्याकडे पाहत तिने एकच वाक्य विचारले. नर्सने मला त्याचा अर्थ सांगितला: “आज तरी बर्फ आहे ना?”

नर्सने पेटी उघडली, एक बाटली काढली आणि बाईच्या कानाशी नेऊन हलवली. आत बर्फ खडखडला. बाईने महूची टोपली बाजूला सारली आणि ती मुले आणायला घरात गेली.