बंद न झालेला कॉल

कुंभकोणमला आमच्या घराच्या माडीवर एक खोली आहे. तिथे बसून मी लहान मुलांच्या आयांशी व्हिडिओ कॉलवर बोलते. मूल बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, हाक मारली तरी वळत नाही, अशा वेळी घरच्यांनी खेळता-खेळता काय करावं ते दाखवणं हे माझं काम. बहुतेक घरं इकडचीच, चोळपुरम्, तिरुभुवनम् भागातली. त्यांच्याशी तमिळमध्येच बोलणं होतं. पण नोकरीच्या मुलाखतीत मराठी येतं असं मी ठासून सांगितलं होतं, त्यामुळे एक दिवस सोलापूरकडचं एक घर माझ्या वाट्याला आलं.

मराठी येतं म्हणजे आमची मराठी. पूर्वज तंजावरच्या दरबारात आले तेव्हा जी घेऊन आले ती. घरात आम्ही ‘झालं’ला ‘जाहलें’ म्हणतो, ‘छान’ला ‘बरवें’. ‘भ’ आमच्या तोंडात ‘ब’ होतो, कुत्र्याचं ‘भू-भू’सुद्धा ‘बू-बू’. आज लिहिते आहे ती मराठी मी नंतर पुस्तकं वाचून कमावली.

त्या घरातलं बाळ तीन वर्षांचं होत आलं होतं. दिवसभर पातेल्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवायचं आणि त्याच्याकडे बघत बसायचं. आई माझ्याहून लहान, पण मी तिला ताई म्हणायची. ती मला मॅडम. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ती बाळासमोर मांडी घालून बसायची.

“ह्यो माझ्याकडं बघतच न्हाई, मॅडम.”

“त्याच्या खेळात जा, ताई. त्याला आवडेल असं काही करा नि थांबा. पुन्हा कर म्हणून तो खुणेने मागतो का, वाट पाहा.”

आठवडे गेले, तरी त्याने कधी काही मागितलं नाही. मी मात्र दर वेळी तोंडभर हसून, टाळ्या वाजवून, “बहुत बरवें जाहलें!” म्हणत राहिले.

एका दुपारी निरोप घेऊन मी माझा कॅमेरा नि आवाज बंद केला आणि नोंदी लिहायला लागले. कॉल नेहमी घरचीच माणसं बंद करायची. त्या दिवशी समोर काळा पडदा पाहून ताईंना वाटलं असणार, संपलं. पण मला त्यांची खोली दिसत होती. त्यांची जाऊ येऊन बसली.

“काय म्हणली गं तुझी मॅडम?”

ताईंनी मान वाकडी केली, डोळे मोठे केले, टाळ्या वाजवल्या. “ताईऽऽ, बऽहुत बरवें जाहलें! बू-बू कुठे गेला, बू-बू?”

हुबेहूब मी.

“आगं बाई, नाटकातल्या राणीसारखं बोलती की ही!” जाऊ लोळून हसली.

माझे कान तापले. बंद करायला बोट पुढे गेलं आणि तेवढ्यात बाळाने झाकण सोडलं. त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं. खुदकन हसला. तिचे दोन्ही हात धरून एकमेकांवर आपटले: पुन्हा कर. तिने पुन्हा केलं, त्याने पुन्हा मागितलं. इतके आठवडे मी जे शोधत होते ते माझ्या फजितीवर उभं राहून समोर आलं होतं, आणि माझं बोट तिथेच थांबलं.

जाऊ उठून गेली. खेळ संपला. ताई बाळाला मांडीवर ओढून हळूच म्हणाल्या, “सासूबाई म्हणत्यात माझंच कायतरी चुकलं. पोटात असताना काय केलं रे मी? सांग की.” मग रडल्या. तेव्हा तरी बंद करायचं. मी केलं नाही.

खाली जेवायला गेले. माझा चेहरा पाहून आईने विचारलं, “काय जाहलें गे?”

“झालं म्हण!” मी खेकसले. “जाहलें काय जाहलें! लोक हसतात.”

आईने वाटीत रसम वाढलं आणि आत गेली. परक्या घरातल्या हसण्याचा राग मी तिच्यावर काढला होता.

पुढच्या कॉलला मी सांगून टाकलं. “ताई, मागच्या वेळी कॉल चालूच राहिला होता. तुम्ही माझी नक्कल केलीत ती मी पाहिली.” त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि फोन ठेवला. त्यानंतर त्या कॉल उचलेनात. शेवटी मी आवाजातला निरोप पाठवला. ‘भ’ नीट उमटावा म्हणून तो कितीदा पुसला, शेवटी जसा आला तसा धाडला. “ताई, त्या खेळात बाळाने पहिल्यांदा तुमच्याकडे काही मागितलं. तो खेळ तुमचा आहे, न भिता तो पुढे चालवू या. मला राग नाही.” हे शेवटचं पूर्ण खरं नव्हतं.

त्या परत आल्या. आधी खाली मान घालून, जावेला शेजारी बसवून. मग मी सांगितलं म्हणून माझ्यासमोर माझी नक्कल केली. आम्ही तिघीही लाजेने लाल झालो होतो. बाळाला त्याचं काही नव्हतं; तो आईचे हात ओढत होता. त्या हातांतूनच पुढचं सगळं हळूहळू आलं. बघणं, वाट पाहणं, एक दिवस ओठ मिटून काढलेला ‘ब’, आणि पावसाळा सरता सरता दोन-तीन शब्द.

मग त्यांच्या तालुक्यात अशा मुलांसाठी केंद्र निघालं, बाळ तिकडे जाणार होतं. म्हणून तो आमचा शेवटचा कॉल. बोलणं संपत आलं तेव्हा ताईंनी विचारलं, “मॅडम, त्या दिशी माझं रडणंबी ऐकलं का तुम्ही?”

नाही म्हणता आलं असतं. “ऐकलं.”

“मग हसल्याचं तेवढं सांगितलं. रडल्याचं का न्हाई?”

“लाज वाटली, ताई. मी ते ऐकायला नको होतं.”

मग मी म्हणाले, “पोटात असताना तुमचं काही चुकलं नव्हतं. तुमच्यामुळे हे झालेलं नाही.” हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. निदान ते रडणं ऐकलं तेव्हा तरी. माझा मान राखायच्या नादात मी ते महिनोन् महिने तोंडात धरून बसले होते.

“हे सासूबाईंना सांगाल का?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले, तशा ताई आत गेल्या. बराच वेळ समोर नुसती भिंत होती. मग सासूबाई पदर सावरत पिठाच्या डब्यासमोर येऊन बसल्या. “बोला,” म्हणाल्या.

मी बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “बरं,” एवढंच म्हणाल्या, आणि नातवाला उचलून कडेवर घेतलं.