लेसरच्या तोंडाला कुंकू

आमच्या विभागप्रमुख सरांनी वर्षानुवर्षं खडूने फळ्यावर लेसर शिकवला होता. खरा लेसर त्यांनीही आमच्यासोबतच पहिल्यांदा पाहिला. खोकं उघडलं त्या दिवशी सर आणि मी लग्नघरातल्यासारखे उगाचच इकडून तिकडे पळत होतो.

त्या लेसरचा झोत किती चांगला आहे हे मोजायचं, हा माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट. त्यासाठी लागणारा महागडा कॅमेरा आमच्याकडे कुठला? मग आम्ही दाढीचं पातं घेतलं. पातं स्क्रूने हळूहळू झोताच्या आड सरकवायचं, मागे किती उजेड पोचतो ते मीटरवर बघायचं, की झोताची जाडी कळते. भिंगाच्या पुढे ठिकठिकाणी हेच केलं की झोत किती पसरतो ते समजतं आणि शेवटी एक आकडा हाती येतो. आदर्श झोताचा आकडा एक; झोत बिघडलेला असेल तर तो वाढतो. माझा आला एकाच्या अगदी जवळ! त्या संध्याकाळी माझ्या गावापर्यंत, दिंद्रुडपर्यंत, एसटीत उभ्याने गेले आणि रस्ताभर एकटीच दात दाखवत होते.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी ट्रॅक्टरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं.

"टॅक्टरला कुंकू अन् लेसरला न्हाई, कावून?" सर म्हणाले. "त्यो काय परका हाय?"

नारळ फुटला, पेढे वाटले, लेसरला झेंडूचा हार पडला. सरांनी स्वतःच्या हाताने टिळा लावला.

दसऱ्यानंतर पुन्हा मोजलं तर आकडा दुपटीच्या वर! भिंतीवरच्या गोल ठिपक्याला मिशा फुटल्या होत्या. परीक्षा तोंडावर आलेली. पद्धतच चुकीची ठरली तर प्रोजेक्ट गेला आणि त्याच्यासोबत माझं वर्षही गेलं. मी पातं बदललं, भिंग पुसलं, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला. आकडा ढिम्म हलेना. मला रडूच यायला लागलं.

शेवटी लेसर बंद केला, प्लग काढला आणि बॅटरी लावून त्याच्या तोंडात पाहिलं. टिळा बरोबर नळीच्या वरच्या काठावर होता आणि ओल्या कुंकवाचा एक ओघळ आतल्या काचेवर उतरला होता. मी फरशीवर बसून हसत सुटले.

"काय झालं ग? कावून हसायलीस?" सर धावत आले.

मी नुसतं बोट दाखवलं. सरांनी आत पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"हे कुनाला सांगायचं न्हाई," ते हळूच म्हणाले. "लई हसतील मला."

मी शपथ घेतली. स्पिरिटने काच पुसली आणि आकडा गुणी बाळासारखा परत जागेवर आला.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक पात्याकडे संशयाने बघत म्हणाले, "तुमचा आकडा चांगला आहे. पण झोत बिघडलेला असता, तर या पात्याला ते कळलं असतं का? की काहीही समोर ठेवलं तरी चांगलंच दाखवतं?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण शपथ घेतलेली. मी नुसताच पात्याचा स्क्रू उलटसुलट फिरवत राहिले. परीक्षकांचं पेन मार्कांच्या रकान्याकडे वळलं.

एरवी पाहुण्यांसमोर अगदी पुस्तकी बोलणारे सर कोपऱ्यातून पुढे आले. त्यांचे कान लाल झाले होते.

"‘कळलं असतं’ न्हाई, साहेब, कळलंय. मीच कुंकू लावलं व्हतं लेसरच्या तोंडाला. झोत बिघडला, तो हिच्या पात्यानं पकडला. तवाचे आकडे बी हायेत, दाखव ग."

परीक्षक इतके हसले की त्यांच्यासाठी पाणी मागवावं लागलं. सर हसले नाहीत. ग्लास त्यांच्यापुढे सरकवत म्हणाले, "आता हिचे मार्क लिवा."