नदीकाठची वाट आणि आमचे आमदार

आमच्या मतदारसंघाचे पहिले आमदार मी आईच्या कडेवरून पाहिले, असं घरात सांगतात. मला आठवतात ते त्यांच्यानंतरचे. त्यांच्याकडे वडिलांचं एकच मागणं असे: नदीकाठची वाट.

चिंचवडच्या अलीकडे, पवनेच्या कडेला आमची वस्ती. वस्तीतली माणसं मेली की नदीकाठी पुरत आणि उशाशी एक दगड ठेवत. मी दुसरीत असताना आईलाही तिथंच ठेवलं. वर्षभरात त्या जमिनीभोवती कंपनीची भिंत उभी राहिली. वैशाखी पौर्णिमेला मेणबत्ती लावायला जाणारे आम्ही बाहेर राहिलो.

वडील त्या आमदारांच्या प्रचारात घसा बसेपर्यंत ओरडत. ते वस्तीत आले की वडील मला पुढे करत. "साहेब, पोरगी इंग्रजी शाळंत हाय." साहेब म्हणत, "वा! म्हण बघू एखादी पोएम." मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राही. शेजारचे काका हसत, "राव, एवढं शिकवताय तर हिलाच उभी करा की आमदारकीला!" हशा व्हायचा. त्या हशात वडील वाटेचं सांगून टाकायचे. साहेब मान हलवायचे.

मग मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या. आमची वस्ती दुसऱ्या मतदारसंघात गेली. वडिलांनी ते मनावर घेतलं नाही. ते पहिली पाळी संपवून, डबा हातात, जुन्याच साहेबांकडे जात राहिले. ज्याचा झेंडा धरला त्याच्याकडेच मागायचं, असा त्यांचा हिशेब. एकदा मी सोबत होते.

साहेब म्हणाले, "अहो, तुमची वस्ती आता माझ्यात नाही."

"आमी हाय तिथंच हाय, साहेब," वडील म्हणाले.

नव्या आमदारांकडे गेलो तर त्यांचा कार्यकर्ता म्हणाला, "तुमी त्यांची माणसं ना? मग हितं कशाला?"

तरी वडील जात राहिले. मी कॉलेज संपवलं, त्यांचे केस पिकले. पुढच्या निवडणुकीत आणखी वेगळे, तरुण आमदार आले. त्यांनी खरंच शब्द टाकला. एका सकाळी कंपनीचं मागचं फाटक आमच्यासाठी उघडलं. आमदार स्वतः आले होते.

आत सपाट हिरवळ होती. थडग्यांचे उंचवटे कुठेच नव्हते. हिरवळीच्या कडेनं दगड ओळीनं लावले होते, एकाआड एक चुना आणि गेरू फासलेले.

"बघा, किती छान ठेवलंय," आमदार म्हणाले.

वडील पहिल्या दगडापाशी वाकले. मग दुसऱ्या. नखानं चुना खरवडून बघत ते शेवटपर्यंत गेले आणि तिथून परत फिरले. माळी म्हणाला, "बाबा, रंग निघंल."

ते माझ्याजवळ आले. हळू आवाजात विचारलं, "तुला वळखू येतोय का गं? तू बसायचीस की तिच्या दगडावर."

मी पुन्हा एकदा सगळी ओळ पाहिली. आमदार घड्याळ बघत होते. वडिलांनी त्यांच्याकडे वळून हात जोडले.

"लई उपकार झाले, साहेब," ते म्हणाले.