दोन घागरींची पाळी

सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहायला गेलो, त्याच महिन्यात बायकोला विषमज्वर झाला. मी गिरणीच्या हपिसातला कारकून, गावात ओळखीचं कुणी नाही. दुसऱ्या सकाळी समोरच्या खोलीतल्या बाई भाकरी घेऊन दारात उभ्या. त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही. त्या गिरणीत सूत गुंडाळायच्या; केसांत कापसाचे तंतू असायचे. पाणी कुणी भरायचं, आजाऱ्यापाशी कुणी बसायचं, हे बोटांच्या पेरांवर मोजून त्यांनी शेजाऱ्यांना वाटून दिलं होतं. मी उपकार मानू लागलो तर म्हणाल्या, "उपकार कसला, भाऊ? पाळी हाय ती. आज तुमच्यात, उद्या आमच्यात."

वर्षभरानं यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताची बोटं चिरडली. चाळीनं पाळ्या लावल्या. माझी बायको बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून सोमवारी विहिरीवरून दोन घागरी मी आणायच्या होत्या. हपिसातली माणसं कोटातल्या मला घागर नेताना बघतील, या लाजेनं मी भोंग्याआधीच घरातून निघून गेलो.

संध्याकाळी कळलं, बाईंनी डाव्या हातानंच पाणी ओढलं होतं. मी सबब सांगू लागलो.

"असंल की कामाची गडबड," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

त्यानंतरही चाळीत पाळ्या लागल्या, पण मला कुणी दिवस सांगितला नाही. दोन महिन्यांनी मी तापानं पडलो, तेव्हा भाकरी मात्र आली. वाकड्या बोटांनी थापलेली, कडांना फाटलेली. मी ती मान खाली घालून खाल्ली.