कुकरची शिट्टी होईपर्यंत

घोट्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपीवाल्या बाईंनी रोज त्या एकाच पायावर उभं राहायला सांगितलं. किती वेळ, ते बायकोने ठरवलं, "कुकरची शिट्टी होईपर्यंत."

मी ओटा धरून उभा राहिलो. खिडकीच्या गजावर एक कबुतर एका पायावर चक्क झोपलं होतं. मेल्याला कुणी शिकवलं? तोल असतो तोवर त्याची आठवणही होत नाही. गेला की ओट्याचेसुद्धा पाय धरावे लागतात.

कबुतराची झोप झाली, ते उडूनही गेलं, तरी शिट्टी होईना.

"अगं, तांदूळ शिजतायत की खडे?" मी ओरडलो.

बायको धावत आली. "अगंबाई, गॅस पेटवायचाच राहिला!"

मी संतापून दोन्ही हात कमरेवर ठेवले. दोघांचीही नजर एकदमच खाली गेली. मी अजून त्याच पायावर उभा होतो.