मीठ बरोबर आहे ना?

मिरानला स्वयंपाक येत नव्हता असं नाही. तिला त्याचा वीट आला होता. एकटीसाठी तांदूळ धुवा, शिजवा, चार वाट्या मांडा, खा आणि पुन्हा ओट्याशी उभं राहून भांडी घासा. चाळिशी उलटलेली, नवरा नाही, पोर नाही, राजधानीजवळच्या पांग्योतल्या गेम बनवणाऱ्या कंपनीत दिवसभर पडद्यावरच्या योद्ध्यांची चिलखतं रंगवायची. घरी आल्यावर भाताकडे बघायचंसुद्धा त्राण नसे. मग तिला ती पावडर सापडली. धान्याचं पीठ, प्रोटीन, जीवनसत्त्वं, सगळं एका बाटलीत. पाणी घालायचं, खळाखळा हलवायचं, घटाघटा प्यायचं. सकाळी तेच, दुपारी तेच आणि बहुतेक रात्रीही तेच.

"आज कुठल्या चवीचं सिमेंट गं?" ऑफिसातली शेजारीण विचारायची.

"कालचंच. उरलं होतं."

पहिल्यांदा हसले सगळे, मग जेवायला बोलवायचं सोडून दिलं. मिरानला बरंच वाटलं.

प्रश्न फक्त आईचा होता. तिची आई, ओक्बुन, दूर दक्षिणेला हेनामजवळच्या खेड्यात राहायची. तिकडची कोबी देशभर जाते आणि तिकडच्या बायकांना आपल्या हाताच्या चवीचा भारी तोरा. ओक्बुनचा तर जरा जास्तच. दर महिन्याला तिच्याकडून थर्मोकोलचं खोकं यायचं. त्यात किमची म्हणजे तिखट मसाल्यात आंबवलेली कोबी, सोया सॉसमध्ये मुरवलेल्या लसणाच्या पाकळ्या, तिळाच्या तेलातला पालक, खारवलेले मासे. सुरुवातीला मिरान थोडंफार खायची. मग डबे फ्रीजमध्ये तसेच राहायला लागले, मग आंबायला, मग वास मारायला. शेवटी ती खोकं आलं की दोन-चार दिवस वाट बघून, आतलं सगळं खाली नेऊन टाकायला लागली.

इमारतीखाली ओल्या कचऱ्याचं यंत्र होतं. कार्ड दाखवलं की झाकण उघडायचं, टाकलेलं तोलायचं आणि त्याचं वजन गोड बायकी आवाजात सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं सांगायचं. मिरान त्याच वेळी जोरजोरात खोकायची. कुणी ऐकत नसलं तरी.

खोकं पोचलं की आईचा फोन ठरलेला.

"मिळालं का? मीठ बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर, आई. बोटं चाटत बसले."

"खरं सांग हं. खारट नाही ना झालं?"

"अगं नाही! किती वेळा विचारशील?"

बाईला कौतुक हवंय, असंच मिरानला वाटायचं. खरं सांगायचं बऱ्याचदा मनात यायचं. पण हेनामच्या बाईला 'मी जेवत नाही' असं सांगणं म्हणजे 'मी मेले' असं कळवणंच. त्यापेक्षा खोटं सोपं होतं. ती डबे घासून, पुसून परत पाठवायची आणि तेवढ्यावर आपण चांगली लेक आहोत असं मनाला समजावायची.

नोव्हेंबरात किमजांग आला. म्हणजे हिवाळाभराची किमची एकदम घालून ठेवायची, आळीतल्या पाच घरांनी मिळून. कामाचं निमित्त सांगून मिरान दरवर्षी टाळायची. यंदा आई म्हणाली, "तू यायचंच. नाहीतर मी घालत नाही." असं ती कधीच बोलली नव्हती. मिरान गेली.

अंगणात बायका जमल्या होत्या. गुलाबी रबरी हातमोजे, खारवून निथळत ठेवलेल्या कोबीचे ढीग आणि मधल्या मोठ्या टबात लालभडक मसाला. ओक्बुनने लेकीला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावलं.

"मसाला तू चाखायचास."

"मी? तुझ्यासमोर?"

"हळू बोल." आईने दाराकडे पाहिलं. "मागच्या थंडीतल्या तापापासून मला चवच लागत नाही. मीठ नाही, तिखट नाही, काही नाही. कुणाला सांगितलेलं नाही."



"मग इतके दिवस तू..."

"हाताच्या सवयीने करत होते. आणि तू सांगायचीस ना, बरोबर आहे म्हणून! ती आपल्या आळीतली मोकपोवाली मला तोंडावर म्हणाली, तुझ्या हातात मीठ जास्त पडतंय. मी तिच्याशी बोलणं टाकलं. म्हटलं, तिचं ऐकू की पोटच्या पोरीचं? माझी पोर माझ्याशी खोटं कशाला बोलेल?" ओक्बुन हसली. "चल. तुझी जीभ तीच माझी जीभ."

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. दार बंद होतं, दोघीच होत्या. मिरानने मान डोलावली आणि दार उघडलं.

बाहेर सगळ्या थांबल्या होत्या. ओक्बुनने कोबीचं पिवळं पान मसाल्यात घोळवलं, गुंडाळलं आणि लेकीच्या तोंडात कोंबलं.

"बघा बघा," मोकपोवाली काकू, तीच ती, टबाच्या पलीकडून म्हणाली. "राजधानीची जीभ आली, आता आमची काय मातब्बरी!"

मिरानच्या तोंडात जाळ झाला. डोळ्यांतून पाणी आलं. खारट होतं, भयंकर खारट. की किमची अशीच लागते? ती आठवू लागली आणि तिला आठवेना. इतके महिने पिठाच्या पाण्यावर काढलेल्या जिभेला काय कळणार? आईला चव नव्हती ती आजाराने. हिने आपली आपण घालवली होती.

"काय गं? बरोबर आहे ना?" आईने विचारलं. फोनवर विचारायची त्याच आवाजात.

पाच घरांचा हिवाळा त्या टबात होता. 'बरोबर आहे' एवढं म्हटलं की झालं असतं, नेहमीसारखं.

"मला कळत नाही, आई."

"म्हणजे?"

"मला कळत नाही. मी जेवतच नाही. पावडर पिते. तू पाठवलेलं मी टाकत होते. वर्षभर. चाखलंसुद्धा नाही."

मग मोकपोवाली पुढे वाकली, बोटाने मसाला चाखला आणि थुंकली.

"समुद्र ओतलाय, ओक्बुन! अगं, गावजेवणात तुझं पातेलं तसंच उरायचं. आम्हाला वाटलं, आमच्यावरचा राग मिठातून काढतेयस."

ओक्बुन लेकीकडे बघत नव्हती.

"मुळे आणा," ती म्हणाली. "भरपूर किसून घाला, मीठ उतरेल. चव मोकपोवाली बघेल."

एवढं बोलून ती आत गेली.

मिरान मागोमाग गेली. आई दाराकडे पाठ करून चुलीशी बसली होती.

"आई, चुकलं माझं."

"आहे का ती पावडर जवळ?"

"अं?"

"आहे का?"

पिशवीत होती. मिरानने बाटलीत पाणी घातलं, हलवली आणि दिली. ओक्बुन सगळं प्यायली, सावकाश, थांबत थांबत, जेवणासारखं. रिकामी बाटली लेकीच्या हातात ठेवून तिने तोंड पुसलं.

"अगदी बरोबर," ती म्हणाली. "बोटं चाटत बसले."

मग हातमोजे चढवून ती बाहेर बायकांत गेली. मिरानने नळाखाली बाटली धुतली, पुन्हा धुतली, आणि कोपऱ्यातले मुळे उचलून किसायला बसली.