विलासचा दुसरा जोड

वैशालीचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी गॅसचं सिलिंडर बदलत होते. वैशाली म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, विलासची बायको. "ताई, हे गेले... मैदानावरच," एवढंच ती बोलली. रडू फुटायच्या आधी माझ्या तोंडून प्रश्न निघाला, "धावत होता का?" ती हो म्हणाली. मी रेग्युलेटर बंद केला, दोन साड्या पिशवीत टाकल्या आणि अकोल्याची बस धरली. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे सगळे एकच सांगतात, फार धावला, म्हणून हृदय वाढलं. मला हे वाक्य पटत नाही. ते फारच सोयीचं आहे.

विलास अकोल्याच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होता. लहानपणी गावाहून दर्यापूरच्या शाळेत जायला जीप असायची. मी दप्तरं घेऊन जीपमध्ये बसायची आणि हा बाहेर, कडेनं धावत यायचा. जीप दर फाट्यावर सवारीसाठी खोळंबायची, त्यामुळे बरेचदा तोच आधी पोचायचा. पुढे लांब पल्ल्याच्या शर्यती झाल्या, नोकरी लागली, केस पिकले, पण पहाटेचं धावणं सुटलं नाही. त्याची नाडी इतकी संथ, की नवा डॉक्टर हमखास पुन्हा मोजायचा. हा ऐटीत सांगायचा, "खेळाडूचं हृदय आहे साहेब, कमी बोलते." मला त्या ऐटीचा कधी भरवसा वाटला नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला मैदानात चक्कर आली. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, भिंत जाड दिसली. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं. वर्षानुवर्षं धावणाऱ्याचं हृदय मोठं होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून नाडी संथ चालते. भिंतही थोडी जाडावते, त्यात वाईट काही नाही. पण एका आजारातही भिंत जाड होते, आणि तो आजार रक्तातून पुढे जातो. दोन्ही चित्रं कधी कधी सारखीच दिसतात. "तीन महिने धावणं पूर्ण बंद करा. खेळाडूचं हृदय असेल तर ते आकसेल. आजार असेल तर भिंत आहे तशीच राहील. मग मुलांना, भावंडांनाही तपासावं लागेल."

बंद म्हणजे बंद हे विलासला समजेल यावर माझा विश्वास नव्हता. मी त्याचे बूटच मागितले.

"काहून ताई, सीआयडीत लागली का तू?"

"दे इकडं."

"अन् चपलेवर धावलो तर?"

"चपलाही नेईन."

बूट माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आले. मी रोज सकाळी फोन करायची, आवाजात धाप ऐकू येते का बघायची, मग वैशालीला वेगळं विचारायची. तो वैतागायचा, "तुले मी एवढा खोटा वाटतो?" मी म्हणायची, जीपच्या कडेनं धावून 'दमलो नाही' म्हणायचास तेव्हापासून.

पुन्हा इको झाला. भिंत होती तेवढीच जाड. डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, "खरंच बंद होतं?" विलासनं एकवार माझ्याकडे पाहिलं... आणि कान धरले. "थोडं थोडं चालू होतं साहेब. दुसरा जोड घेतला, शाळेत लपवला." मी तिथेच कडाडले, "सांगितलं नव्हतं मी?" वैशाली डोळे पुसत हसली. डॉक्टर चिडले, तपासणी वाया गेली, परत तीन महिने थांबा म्हणाले. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यालो. चोर सापडला होता, म्हणजे आजार नव्हता. विलासनं बूट परत नेले. "पूर्वीची भरती होऊ दे, मग थांबतो." पूर्वी ही त्याची मुलगी. पोलीस भरतीसाठी बापाच्याच शिट्टीवर पळायची.

गेल्या महिन्यात मी त्याच्या शाळेतल्या खोलीतून सामान आणायला गेले. शिट्टी, टॉवेल, पाण्याची बाटली, टोपी, सगळं जमिनीवर मांडलं. दुसरा जोड कुठेच नव्हता. मी त्याच्या बरोबरीच्या बाईंना विचारलं.

"कोणता जोड? सर उन्हाळ्यात धावलेच नाही ना ताई. चपला घालून खुर्चीवर बसून राहत अन् शिट्टी वाजवत. आमी चिडवत होतो, सर पेन्शनीत निघाले म्हणून."

एका साक्षीवर मी थांबत नाही. चौकीदाराला गाठलं. तोही तेच बोलला.

म्हणजे तो थांबला होता. आणि भिंत तरीही तशीच राहिली होती. याचा अर्थ त्या खोलीत, डॉक्टरांनी चष्मा काढला तेवढ्या वेळात, त्याला कळला असणार. खरं बोलला असता तर पूर्वीला तपासणीला न्यावं लागलं असतं, आणि तिची भरती बुडेल अशी भीती त्याला वाटली असणार. माझा संशय समोर तयारच होता. त्यानं तो उचलला आणि अंगावर घेतला.

आधी मी माझा इको केला. ठीक निघाला. मग पूर्वीला अमरावतीला आणलं. तिची भिंत किंचित जाड आहे. सरावामुळेही असेल, नसेलही. तिलाही तीन महिने. वैशाली म्हणाली, "ताई, भरती?" मी म्हटलं, पुढची येईल.

जाताना पूर्वीनं आपले बूट पिशवीत घालून माझ्या हातात दिले. "आत्या, कुलूप लाव. किल्ली तुझ्यापाशीच ठेव."

"दुसरा जोड?"

"नाही ना गं."

"आणि डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगशील?"

 बापासारखंच तिनं एकवार माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "थांबली होती, असं."

खालच्या कप्प्यात विलासच्या बुटांची काळी माती अजून आहे. पुसायची राहिली नव्हती, मीच पुसली नाही. पूर्वीचे बूट तिथेच ठेवले. रोज सकाळी फोन करते, पण धावलीस का हे आता विचारत नाही. ज्या दिवशी ती कान धरून "धावली" म्हणेल, त्या दिवशी मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही.